आधी पोहोचा, कागद मागाहून

१९६०च्या दशकात उत्तर पोर्तुगालच्या एखाद्या डोंगराळ खेड्यातून चोरवाटेने फ्रान्सला निघालेला माणूस जाण्यापूर्वी स्वतःचा एक फोटो फाडायचा. अर्धा तुकडा खिशात, अर्धा घरी, बायकोकडे नाहीतर बापाकडे. दलालाला काही रक्कम आगाऊ दिलेली असायची, उरलेली माणूस सुखरूप पोहोचल्यावर द्यायची. पण तो पोहोचला हे गावात कळणार कसं? फ्रान्समध्ये पाय ठेवला की तो आपल्याकडचा तुकडा पाकिटात घालून घरी धाडायचा. दोन्ही तुकडे जुळले, चेहरा पुरा झाला, की घरचे उरलेले पैसे चुकते करायचे. सही नाही, पावती नाही. वाटेत पोलिसांनी खिसे उलटे केले तरी त्यांच्या हाती अर्धं कपाळ आणि एक डोळा, एवढंच लागणार.

यात गुन्हा होता तो देश सोडण्याचा. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत पासपोर्ट ही सरकारची मेहरबानी होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतमजुराला तो मिळणं दुरापास्त, आणि लोकसंख्येतला जवळजवळ तिसरा हिस्सा निरक्षर होता. वयात आलेल्या मुलाला तर आधी फौजेचं देणं फेडावं लागे. १९६१मध्ये अंगोलात बंड पेटलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोवा हातचा गेला, पुढे गिनी आणि मोझांबिकमध्येही लढाई सुरू झाली. गोव्याची चपराक बसल्यावर सालाझार आफ्रिकेतली इंचभर जमीन सोडायला तयार नव्हता. त्या हट्टाची किंमत खेड्यापाड्यांतल्या पोरांनी मोजायची होती. लष्करी सेवा लांबून चार वर्षांच्या घरात गेली आणि त्यातली निम्मी आफ्रिकेच्या जंगलात जायची.

म्हणजे पोर्तुगीज माणूस फक्त भुकेपोटी गेला असं म्हणता येत नाही. भूक होतीच. उत्तरेतल्या मिन्यो आणि त्राझ-ओझ-मोंतिश प्रांतांत वाटण्या होऊन होऊन जमिनीचे तुकडे पडले होते, त्यावर एका कुटुंबाचंही भागत नव्हतं. पण भूक बापजाद्यांपासूनची होती. नवीन होती ती लढाई, आणि पिरेनीज पर्वताच्या पलीकडे नव्याने उभा राहणारा फ्रान्स. महायुद्धानंतर तिथे रस्ते, कारखाने, कामगारांच्या वसाहती असं सगळं एकाच वेळी बांधायला काढलं होतं आणि हात कमी पडत होते. १९६० ते १९७४ या काळात चौदा-पंधरा लाख लोकांनी पोर्तुगाल सोडला. तेव्हा देशाची सगळी लोकसंख्या नव्वद लाखसुद्धा नव्हती. १९७०च्या जनगणनेत ती आधीच्यापेक्षा चक्क कमी भरली.

फ्रान्सने या लोकांचं काय केलं, हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण पुढच्या सगळ्या कथेची किल्ली तिथे आहे. दोन्ही सरकारांत १९६३ अखेर कामगार पाठवण्याचा रीतसर करार झाला होता. तरी बहुतेक लोक आले ते स्पेनमधून पायी, ट्रकच्या ताडपत्रीखाली, नाहीतर मालगाडीत दडून. फ्रान्सने त्यांना हाकललं नाही. मालकाने काम दिल्याचा कागद आणा, आम्ही परवाना देतो, असा रोकडा व्यवहार होता. नियम वेशीवर मोडला तर चालेल, कारखान्याच्या दारात तो दुरुस्त करून मिळेल! पॅरिसच्या आग्नेयेला शांपिन्यी-सुर-मार्न इथे पत्रे, फळ्या आणि डांबरी कागदाची झोपडपट्टी उभी राहिली. ऐन भरात तिथे दहा हजारांवर पोर्तुगीज राहत होते. पावसाळ्यात गुडघाभर चिखल, पाण्यासाठी सार्वजनिक नळावर रांग. पुरुष बांधकामावर, बायका घरकामाला किंवा पॅरिसच्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या खोलीत राहून जिना पुसणाऱ्या, टपाल वाटणाऱ्या रखवालदारीण. १९७५पर्यंत पोर्तुगीज हा फ्रान्समधला सर्वांत मोठा परदेशी समाज झाला होता, साडेसात लाखांवर.

आणि सालाझारचं सरकार? पोलीस सीमेवर माणसं पकडत होते आणि देशाची बँक त्याच माणसांनी पाठवलेले फ्रँक मोजत होती. बेकार कमी झाले, परकीय चलन वाढलं. असं दुटप्पी धोरण ही काही पोर्तुगालची मक्तेदारी नव्हे.

ऑगस्ट महिन्यात ही सगळी मंडळी गावी येतात, आजही येतात. कोकणात गणपतीला चाकरमानी येतात तसंच समजा. अकरा महिने बंद असलेल्या घरांच्या खिडक्या उघडतात, लग्नं याच महिन्यात उरकून घेतात, ग्रामदैवताच्या जागी तिथे गावच्या संताची जत्रा असते. फ्रान्समध्ये गवंडीकाम करणाऱ्याने गावात बांधलेलं घर फ्रान्समधल्या घरांसारखं असतं, उतरत्या छपराचं, गावाच्या दगडी घरांत उठून दिसणारं. वास्तुविशारदांनी त्या घरांची पुष्कळ टिंगल केली. मला ती टिंगल कधी पटली नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली त्याने स्वतःचं मनासारखं बांधलं तर कुणाच्या पोटात का दुखावं? शिवाय ही रीत जुनीच होती. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलला जाऊन पैसा करून परतलेले लोक मिन्योत रंगीत वाडे बांधत आणि अंगणात ताडासारखी झाडं लावत, आपण कुठून आलो ते दिसावं म्हणून. त्यातली काही झाडं अजून उभी आहेत.

२५ एप्रिल १९७४ला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी राजवट उलथली आणि प्रवाह उलटा फिरला. आफ्रिकेतल्या वसाहती दीड वर्षात स्वतंत्र झाल्या. तिथले पोर्तुगीज घाईघाईने मायदेशी लोटले गेले. १९७५च्या उन्हाळ्यात अंगोलातल्या लुआंडाहून लिस्बनला विमानांची रीघ लागली होती. सुमारे पाच लाख माणसं आली, म्हणजे वर्ष-दोन वर्षांत देशाची लोकसंख्या पाच टक्क्यांनी वाढली. त्यांच्या सामानाच्या लाकडी पेट्यांचे ढीग टॅगस नदीच्या काठी, लिस्बनच्या बेलें भागात समुद्रशोधकांच्या भव्य स्मारकाखाली महिनोन् महिने पडून होते. घरं कमी पडली म्हणून सरकारने एस्टोरिलसारख्या ठिकाणची हॉटेलं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं तिथे ठेवली. यातल्या अनेकांचा जन्म आफ्रिकेतला, पोर्तुगाल त्यांनी पाहिलेलाही नव्हता. एवढा लोंढा एका गरीब देशाने, तोही क्रांतीच्या धामधुमीत, फारशा मारामाऱ्या न होता सामावून घेतला. युरोपच्या इतिहासात याचा उल्लेख व्हायला हवा तेवढा होत नाही.

याच लोंढ्यात मोझांबिकमधले गोवेकर, गुजराती हिंदू आणि इस्माइली होते. लिस्बनमधलं राधाकृष्ण मंदिर आणि इस्माइली केंद्र ही या कुटुंबांच्या येण्याची फळं. २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान असलेले आंतोनियो कोश्ता यांच्या लेखक वडिलांचं, ओर्लांदो द कोश्ता यांचं, घराणं मडगावचं आणि त्यांचा स्वतःचा जन्म मोझांबिकचा. घरात कोश्तांना ‘बाबुश’ म्हणत, ही गोष्ट गोव्यातल्या वर्तमानपत्रांनी इतक्यांदा छापली आहे की आता ती सर्वांना पाठ आहे.

पण गोव्याच्या दृष्टीने महत्त्वाची घटना दुसरीच. १९७५मध्ये लिस्बनने नागरिकत्वाचा नवा कायदा केला. आफ्रिकेतल्या वसाहतींत जन्मलेल्या आणि पोर्तुगीज वंशाचं नातं न सांगता येणाऱ्या लोकांचं नागरिकत्व त्याने एका फटक्यात संपवलं. जुन्या ‘एस्टाडो द इंडिया’त, म्हणजे गोवा, दमण, दीवमध्ये, जन्मलेल्यांना मात्र जाहीर करून ते राखण्याची मुभा ठेवली. पुढच्या नियमांनुसार हा हक्क मुलानातवंडांपर्यंत पोहोचला. लुआंडाच्या कृष्णवर्णीय कामगाराला जे नाकारलं ते गोव्यातल्या सासष्टीच्या माणसाच्या नातवाला मिळालं. न्याय म्हणून पाहिलं तर ही विसंगती ढळढळीत आहे. गोव्यात मात्र तिच्यावर एक मोठा उद्योग उभा राहिला.

हा उद्योग चालतो असा. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजीचा किंवा आजोबांचा पोर्तुगीज काळातल्या रजिस्टरातला जन्माचा उतारा काढायचा. तो लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवायचा. मग त्यांच्या लग्नाची नोंद, मग मुलाची, मग नातवाची. प्रत्येक पायरीवर नावाचं भांडण असतं. रजिस्टरात एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि आईचं माहेरचं नाव तिसऱ्याच ठिकाणी. हिंदू कुटुंबांत तर आडनाव कधी गावाचं, कधी वतनाचं लागलेलं. प्रतिज्ञापत्रं, भाषांतरं, शिक्के. पणजी-मडगावात हे करून देणारे एजंट पिढीजात झाले आहेत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे शेवटी भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि आपल्याच गावी यायला ‘ओसीआय’ कार्ड लागतं. लिस्बनला नुसती जन्मनोंद झाली तर भारतीय नागरिकत्व जातं की राहतं, यावर गोव्यात कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत.

आणि एवढं सगळं करून माणूस पोर्तुगालला जातो का? बहुतेक जण गेले नाहीत. ते इंग्लंडला गेले. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ला युरोपीय समुदायात आला. सदस्य देशांतल्या नागरिकांना एकमेकांकडे जाऊन काम करण्याची मोकळीक पुढे त्यालाही मिळाली. गोवेकराला पोर्तुगीज येत नव्हतं, इंग्रजी येत होतं, आणि पगार इंग्लंडमध्ये जास्त होता. स्विंडन हे लंडनच्या पश्चिमेचं साधं औद्योगिक शहर. तिथे गोदामांत आणि कारखान्यांत काम मिळालेल्या पहिल्या काही कुटुंबांनी पुढच्यांना बोलावलं आणि बघता बघता तिथे गोवेकरांची वस्ती झाली. दमण-दीवकडचे लोक लेस्टरला गेले. ३१ डिसेंबर २०२०ला ब्रेक्झिटची मुदत संपली आणि पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कामाला जाण्याची वाट बंद झाली. जे आधी पोहोचून नोंद करून बसले ते राहिले.

स्थलांतरावरच्या चर्चेत नकाशावर बाण काढायची सवय असते, गरीब देशाकडून श्रीमंत देशाकडे. गोव्याचं उदाहरण त्या बाणांना जुमानत नाही. माणूस कुठे जातो हे ठरायला तीन गोष्टी लागतात: पगारातला फरक, कायद्याचं एखादं उघडं दार, आणि आधी गेलेला कुणीतरी आपला. पैकी पहिली सगळीकडे असते. उरलेल्या दोन जिथे जुळतात तिकडेच रांग लागते.

पोर्तुगाल युरोपात आला तसा युरोपचा पैसाही आला. लिस्बनचं १९९८चं जागतिक प्रदर्शन, टॅगसवरचा वास्को द गामा पूल, २००४च्या फुटबॉल स्पर्धेसाठीची दहा मैदानं. गवंडी फ्रान्समध्ये, लक्झेंबर्गमध्ये आणि बांधकाम पोर्तुगालात, अशी गंमत झाली. केप व्हर्देचे मजूर आधीपासून होते. २००० सालच्या आसपास एकदम युक्रेनचे लोक आले, ज्या देशाशी पोर्तुगालचा वसाहतीचा, भाषेचा, कसलाही संबंध नव्हता. ते पर्यटनाच्या व्हिसावर बसने युरोप ओलांडून येत. २००१मध्ये पोर्तुगालने कायदा केला: कामाचा करार दाखवा, राहण्याची परवानगी घ्या. सुमारे १ लाख ८० हजार लोकांना ती मिळाली, त्यात युक्रेनियन सर्वांत जास्त. त्यांच्यात इंजिनिअर होते, डॉक्टर होते आणि ते सिमेंट कालवत होते. गुल्बेंकियन प्रतिष्ठानने अशा शंभरेक डॉक्टरांना हुडकून, भाषा शिकवून, परीक्षा देववून पुन्हा इस्पितळांत आणलं. पोर्तुगालला डॉक्टर हवेच होते.

दहा वर्षांत फासे पुन्हा पलटले. २०११मध्ये देश दिवाळखोरीच्या काठावर गेला आणि ७८ अब्ज युरोंचं कर्ज कडक अटींवर घ्यावं लागलं. बेकारी १७ टक्क्यांवर गेली. पंतप्रधान पासोश कोएल्यो यांनी बेकार शिक्षकांना ब्राझील-अंगोलाकडे पाहायला सुचवलं तेव्हा लोक भडकले, पण पुष्कळांनी तसंच केलं. पन्नास वर्षांपूर्वी ज्या अंगोलाच्या लढाईतून पोरं पळाली होती, त्याच अंगोलात, तेलाच्या पैशावर, पोर्तुगीज इंजिनिअर नोकरी मागायला गेले. ब्रिटिश इस्पितळांचे लोक लिस्बन आणि पोर्तोत येऊन परिचारिकांच्या मुलाखती घेत होते. वर्षाला लाखाच्या वर माणसं बाहेर पडत होती, साठच्या दशकाची आठवण यावी इतकी. फरक एवढाच की या वेळी गेलेल्यांत पदवीधर बरेच होते आणि त्यांना फोटो फाडावा लागला नाही.

तोवर नैर्ऋत्य किनाऱ्यावर ओदेमिरा तालुक्यात पॉलिहाऊस उभी राहू लागली होती. तिथे समुद्रामुळे हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडत नाही आणि मिरा नदीवरच्या धरणाचं पाणी आहे. रास्पबेरीला दोन्ही मानवतात. फळ इतकं नाजूक की यंत्राने तोडता येत नाही, बोटांनीच खुडावं लागतं आणि दोन-चार दिवसांत उत्तर युरोपच्या दुकानांत पोहोचावं लागतं. पण खुडणार कोण? ओदेमिरा ज्यात येतं तो आलेंतेजो प्रांत म्हणजे म्हाताऱ्यांची गावं. म्हणून नेपाळ, भारत, बांगलादेश, थायलंडचे मजूर आले. साऊं तेओतोनियोसारख्या छोट्या गावात नेपाळी किराणा दुकानं निघाली. २०२१च्या वसंतात कोविडमुळे सरकारने तिथल्या दोन भागांची नाकेबंदी केली, तपासायला माणसं घरांत शिरली आणि मग देशाला दिसलं की एकेका खोलीत किती गाद्या अंथरल्या आहेत. मजुरांना तात्पुरतं हलवायला सरकारने जवळचा एक पर्यटन-निवास ताब्यात घेतला, तर तिथल्या बंगलेमालकांनी आरडाओरडा केला. शांपिन्यीच्या चिखलाची छायाचित्रं पोर्तुगालच्या संग्रहालयांत आदराने लावली जातात. २०१६मध्ये तर राष्ट्राध्यक्षांनी पोर्तुगालचा राष्ट्रदिन पॅरिसला जाऊन आपल्या स्थलांतरितांबरोबर साजरा केला. ओदेमिराच्या गाद्यांकडे त्याच नजरेने पाहणारे थोडे.

या मजुरांचे कागद कसे झाले? फ्रान्समध्ये पोर्तुगिजांचे झाले तसेच. पर्यटक म्हणून युरोपात कुठूनही शिरा, पोर्तुगालला या, काम धरा, सामाजिक सुरक्षेचे हप्ते भरा आणि इथे राहण्यात आपल्याला रस आहे असा ऑनलाइन अर्ज करा. २००७च्या कायद्यातली ही अपवादाची तरतूद पुढे सैल होत गेली आणि जगभर तिची कीर्ती पसरली. २०१७च्या सुमारास देशात चार लाखांवर परदेशी रहिवासी होते, २०२४ अखेर पंधरा लाखांवर. म्हणजे साधारण सात माणसांत एक. ब्राझीलचे सर्वांत जास्त, आणि भारतीय लाखाच्या घरात पोहोचून दुसऱ्या क्रमांकावर. कार्यालयं पुरी कोलमडली. परदेशी लोकांचे परवाने पाहणारं जुनं खातं मोडून २०२३मध्ये नवं काढलं, त्याच्या डोक्यावर चार लाख प्रलंबित अर्ज पडले.

याच वेळी पोर्तुगीज तरुण देश सोडतच होते आणि हे ऐकून बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. लोक येतायत म्हणजे देश बरा असणार. मग घरचे का जातात? हिशेब साधा आहे. २०२५मध्ये पोर्तुगालचं किमान वेतन महिना ८७० युरो होतं, वर्षाला चौदा पगार. लक्झेंबर्गमध्ये तेच २६००च्या वर, म्हणून त्या टिकलीएवढ्या देशात सात-आठ जणांत एक पोर्तुगीज आहे. काठमांडूहून किंवा जालंधरहून पाहणाऱ्याला ८७० भरपूर वाटतात. पोर्तोच्या परिचारिकेला तिच्या पगारात भाडं भागत नाही. एकच पगार एकाला ओढतो आणि दुसऱ्याला ढकलतो.

भाड्याची गोष्ट आणखी निराळी. २०१२पासून पाच लाख युरोंचं घर घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना मिळे. ती सोय २०२३मध्ये काढून टाकली. निवृत्त फ्रेंच आणि इंग्रजांना करसवलती होत्या, लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना २०२२मध्ये खास व्हिसा आला, जुन्या लिस्बनची घरं पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जाऊ लागली. ज्या पाहुण्यांमुळे घरं महागली ते बहुतेक गोरे आणि सुखवस्तू. राग मात्र निघतो लिस्बनच्या बेन्फोर्मोझो गल्लीतल्या बांगलादेशी दुकानदारावर. डिसेंबर २०२४मध्ये पोलिसांनी त्या गल्लीत माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, त्याचे फोटो देशभर फिरले. स्थलांतराविरुद्ध बोलणारा, २०१९मध्ये निघालेला ‘शेगा’ पक्ष २०२५च्या निवडणुकीत ६० जागा घेऊन संसदेत दुसरा आला. २०२३मध्ये परदेशी कामगारांनी सामाजिक सुरक्षेच्या खात्यात सुमारे २६८ कोटी युरो भरले आणि त्यातून घेतले ते पाचव्या हिश्शाहूनही कमी, ही आकडेवारी सरकारनेच दिली होती. प्रचारसभेत तिचा काही उपयोग होत नाही.

‘आधी पोहोचा, कागद मागाहून’ हा रस्ता पोर्तुगालने जून २०२४मध्ये बंद केला. तेव्हा पर्यटक व्हिसावर जा, सहा महिन्यांत कागद होतील, असं सांगून कुणी एजंट पैसे मागत असेल तर तो जुना रस्ता विकतो आहे. आता निघण्यापूर्वीच, भारतातल्या वकिलातीतून, कामाचा व्हिसा काढावा लागतो. पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, आणि नोकरीचा करार कोणत्या मालकाशी आहे.